आबेल तास्मानचा किनारा: आईवडिलांसह तीन दिवस, आणि भरती-ओहोटीचा हिशेब

गुहागरकर, ऑकलंड

नमस्कार. येत्या जानेवारीत माझे आईवडील पहिल्यांदाच न्यूझीलंडला येत असून त्यांना दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाचे आबेल तास्मान राष्ट्रीय उद्यान दाखवावे, असा माझा विचार आहे. वडील ६९ वर्षांचे आहेत आणि चालण्यात मलाही मागे टाकतात. आई ६४ वर्षांची असून तिच्या उजव्या गुडघ्याला चढापेक्षा उताराचा त्रास अधिक होतो. दोघांचेही आयुष्य गुहागर तालुक्यात समुद्राच्या काठी गेले आहे, त्यामुळे ‘समुद्रच पाहायचा तर त्यासाठी एवढ्या लांब विमानाने यायची काय गरज’ हे वडिलांनी फोनवर आधीच ऐकवून ठेवले आहे.

किनाऱ्याची पायवाट ६० किलोमीटरची असून ती पूर्ण करायला तीन ते पाच दिवस लागतात, एवढे मी वाचले आहे. आम्हाला ती पूर्ण करायची नाही. नेल्सनला विमानाने उतरून हाताशी नेमके तीन दिवस राहतील. या तीन दिवसांत कोणता भाग निवडावा, मुक्काम उद्यानातील झोपडीत करावा की बाहेर, आणि वाटेत खाडी ओलांडावी लागते ती भरतीच्या वेळी कशी ओलांडतात, हे मला विचारायचे आहे. खाडीचा विषय मला सर्वांत जास्त खटकतो आहे, कारण नकाशावर वाट सरळ पाण्यातून गेलेली दिसते आणि खाली फक्त ‘ओहोटीच्या वेळी’ असे लिहिलेले आहे. आम्ही शाकाहारी आहोत, हेही सांगून ठेवतो.

मोतुएकावासी

मी या उद्यानापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर नऊ वर्षे राहतो आहे आणि पाहुणे आले की त्यांना तिकडे नेण्याचे काम आपसूक माझ्याकडेच येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की या उद्यानाला मधून रस्ता नाही. दक्षिणेला माराहाउपर्यंत आणि उत्तरेला डोंगर ओलांडून तोतारानुई व वैनुईपर्यंत गाडी जाते. मधल्या साऱ्या किनाऱ्यावर जायचे तर पायी, कयाकने किंवा प्रवासी बोटीने जावे लागते. या बोटी ठरलेल्या वेळी अँकरेज, टोरेंट बे, बार्क बे, अवारोआ, तोतारानुई अशा पुळणींवर थांबत जातात. त्यामुळे एका ठिकाणी उतरायचे, दोन पुळणी पलीकडे चालत जायचे आणि तिथून परतीची बोट धरायची, अशी सोय होते. तुमच्यासारख्यांसाठी हीच पद्धत योग्य आहे. झोपड्यांचा विचार सोडून द्यावा, कारण त्यांचे आरक्षण बारा महिने सक्तीचे असून जानेवारीतील शाळांच्या सुट्टीत जागा मिळणे जवळजवळ अशक्य असते; शिवाय तिथे गाद्या असल्या तरी स्वयंपाकाची शेगडी नसते, ती आपली आपण न्यावी लागते. काइतेरितेरी किंवा माराहाउ या उद्यानाबाहेरच्या गावांत स्वयंपाकघर असलेली खोली तीन रात्री घ्या. मोतुएकाच्या मोठ्या दुकानात डाळ-तांदूळ, भाजीपाला सारे मिळते. त्यापुढे उद्यानात दुकान नाही, म्हणून दुपारचे जेवण आणि पाणी पाठीवर हवेच.

आता खाडीबद्दल. तास्मान उपसागरात उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटर चढते-उतरते, म्हणजे आपल्या कोकणच्या मानानेही हा फरक लहान नाही. सकाळी जिथे बोट तरंगते, तिथे दुपारी कोरडी वाळू दिसते. पायवाटेवर दोन मुख्य ठिकाणी याचा संबंध येतो. अँकरेज आणि टोरेंट बे यांच्यामधली खाडी ओहोटीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास या वेळात चालत ओलांडता येते. वेळ चुकली तर काठाकाठाने जंगलातून वळसा आहे, त्यात साधारण ३ किलोमीटर वाढतात, एवढेच. त्याच वळशावर क्लिओपाट्राचे कुंड लागते, तिथे शेवाळलेल्या गुळगुळीत खडकावरून घसरत पाण्यात जाण्यासाठी तरुणांची रांग लागलेली असते. दुसरी खाडी अवारोआची. तिथे वळसाच नाही. ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर दोन तास, एवढ्याच वेळात ती ओलांडावी लागते.

म्हणून माझा सल्ला असा की आधी बोटीची वेळ पाहू नका, आधी ओहोटीची वेळ पाहा. तीन दिवसांपैकी ज्या दिवशी ओहोटी दुपारी एक ते तीनच्या दरम्यान असेल, त्या दिवशी तुम्ही आणि वडिलांनी सकाळच्या बोटीने बार्क बेला उतरावे आणि दक्षिणेकडे अँकरेजपर्यंत चालत यावे. ओहोटीच्या वाटेने हे अंतर ८.४ किलोमीटर आहे. वाटेत फॉल्स नदीवरचा ४७ मीटर लांबीचा झुलता पूल आहे, दोन ठिकाणी बऱ्यापैकी चढ आहे आणि शेवटी टोरेंट बेची खाडी अनवाणी ओलांडता येते. आई त्याच बोटीने फिरून अँकरेजला उतरू शकतात.

पहिल्या दिवशी मात्र तिघांनी माराहाउपासून टिनलाइनपर्यंत पायी जाऊन यावे. सुरुवातीला दलदलीवरचा लाकडी मार्ग आहे आणि पुढची वाटही फारशी चढउताराची नाही, त्यामुळे आईंच्या गुडघ्याचा अंदाज तिथेच येईल.

करमरकर, वेलिंग्टन

वरील माहितीत चूक काढण्यासारखे काही नाही, परंतु अवारोआच्या खाडीबद्दल एका ओळीत जे लिहिले आहे ते आम्ही अंगावर घेतलेले आहे, म्हणून थोडे जोडतो.

मागच्या जानेवारीत आम्ही चौघे तोतारानुईहून दक्षिणेला निघालो. तिथून अवारोआच्या झोपडीपर्यंत सुमारे ७ किलोमीटर अंतर आहे आणि आमच्या कागदाप्रमाणे ओहोटी ११ वाजून १० मिनिटांनी होती, म्हणून एक वाजेपर्यंत पोहोचलो तरी चालेल अशा हिशेबाने आम्ही गोट बेच्या पुळणीवर तासभर निवांत बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. खाडीच्या उत्तर काठावर पोहोचलो तेव्हा एकला दहा मिनिटे कमी होती. पाणी मांडीपर्यंत आले होते आणि मधला प्रवाह दिसायला संथ असला तरी त्यातून वाहत चाललेली एक फांदी आमच्या चालण्याच्या वेगाने आत जात होती. तक्ता पुन्हा काढून पाहिला तेव्हा कळले की मी दुसऱ्या दिवसाची ओळ वाचली होती. त्या दिवशीची ओहोटी १० वाजून २० मिनिटांची होती. ओहोटी रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, हे लहानपणापासून माहीत असूनही मी एका ओळीने फसलो.

त्यानंतर आम्ही त्या काठावर आठ तास काढले. समोर तीनशे-चारशे पावलांवर झोपडीचे छप्पर दिसत होते, त्यात आमच्या नावाच्या चार गाद्या होत्या, आणि आम्ही इकडे काळ्या बारीक चिलटांना हाकलत बसलो होतो. ही चिलटे चावताना फारसे कळत नाही, रात्री मात्र घोटे सुजून खाज सुटते. घोट्यांना मलम लावल्याशिवाय पुळणीवर बसूच नये. सव्वानऊ वाजता, सूर्य नुकताच मावळलेला असताना, गुडघाभर पाण्यातून आम्ही पलीकडे गेलो. तळाशी ‘तिसऱ्या’ जातीच्या शिंपांचा जाड थर आहे आणि त्या शिंपा तळपायाला कापतात, म्हणून पट्ट्याच्या जुन्या चपला ठेवाव्यात.

तुमच्या आईवडिलांसह अवारोआच्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते. जायचेच झाले तर बोटीने अवारोआच्या पुळणीवर उतरून तिथेच बसावे. तक्ता पाहताना तो उन्हाळी वेळेप्रमाणे छापलेला आहे ना, आणि तारीख नेमकी आजचीच आहे ना, हे दोघांनी वेगवेगळे वाचून ताडून घ्यावे.

निवृत्त शिक्षिका, नेल्सन

श्री. करमरकर यांचा अनुभव वाचून हसू आले, तरी अवारोआला जाऊच नये हे मत मला पटत नाही. त्या पुळणीची गोष्ट कोकणातल्या माणसाला सांगण्यासारखी आहे. सुमारे सात हेक्टरांची ती पुळण खासगी मालकीची होती आणि ती विक्रीला निघाली तेव्हा ती कोणा धनिकाच्या कुंपणाआड जाऊ नये म्हणून २०१६ साली देशभरातून सुमारे ४०,००० लोकांनी वर्गणी काढून २० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, ती जागा विकत घेतली आणि उद्यानाला देऊन टाकली. आपल्याकडे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी निघते, पुळणीसाठी निघालेली मी तरी ऐकली नाही. गुहागरच्या गृहस्थांना ती जागा बोटीतून का होईना, दाखवा.

वडिलांच्या ‘समुद्रच पाहायचा तर’ या प्रश्नाला वाळू हे माझे उत्तर आहे. कोकणचा किनारा काळ्या कातळाचा आणि जांभ्याचा. इथला खडक ग्रॅनाइट आहे. तो झिजून जी वाळू होते ती जाडसर आणि चक्क पिवळसर-नारिंगी दिसते, कारण तिच्यातल्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) कणांवर लोहाचा डाग चढलेला असतो. चिमूटभर ओली वाळू तळहातावर घेऊन उन्हात धरावी, म्हणजे काचेसारखे कण वेगळे आणि अभ्रकाचे चकाकते पापुद्रे वेगळे दिसतात. मी शाळेतल्या मुलांकडून हे नेहमी करून घेत असे. याच ग्रॅनाइटची एक खाण टोंगाच्या पुळणीजवळ होती आणि तिथला दगड नेल्सनच्या कॅथिड्रलच्या पायऱ्यांना लागला आहे. विमान पकडण्यापूर्वी त्या पायऱ्यांवर दहा मिनिटे बसता येईल.

टोंगा बेटाभोवतीचा समुद्र १९९३ पासून राखीव आहे. तिथे मासेमारी करता येत नाही, शिंपलाही उचलता येत नाही. खडकांवर केसाळ सील पसरलेले असतात आणि बोटवाले बहुधा तिथे वेग कमी करतात. आईंना चालणे झेपले नाही तरी एवढ्यासाठी एक लांबची बोटफेरी घ्यावी.

नावाविषयीही विचारणा होईल, म्हणून लिहिते. डच दर्यावर्दी आबेल तास्मान १६४२ च्या डिसेंबरात पलीकडच्या गोल्डन बेमध्ये आला. तिथल्या न्गाती तुमाताकोकिरी या माओरी लोकांशी चकमक होऊन त्याची चार माणसे मारली गेली आणि तो जमिनीवर पाऊल न ठेवताच निघून गेला. त्या घटनेला ३०० वर्षे झाल्याचे निमित्त साधून १९४२ साली हे उद्यान स्थापन झाले. ज्याने इथे पाय ठेवला नाही त्याचे नाव उद्यानाला, आणि जे इथे राहत होते त्यांची नावे पुळणींना, असा हा व्यवहार आहे. माओरी नावे मात्र मराठी जिभेला सोपी जातात. ‘काइतेरितेरी’ म्हणताना तुमच्या वडिलांची जीभ इथल्या इंग्रजांपेक्षा कमीच अडखळेल.

गुहागरकर, ऑकलंड

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी हे सारे वडिलांना वाचून दाखवले आणि त्यांनी लगेच विचारले की त्या दिवशी तिथे तिथी कोणती असेल. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे द्वितीयेला दीड वाजता आणि अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब तिथे चालेल का, हा त्यांचा प्रश्न आहे. दुसरे असे की माराहाउहून बोटीत चढताना आईला शिडी चढावी लागते, असे एका ओळखीच्यांनी सांगितले. समुद्रकाठी शिडी कशासाठी लागते, हे मला समजले नाही.

मोतुएकावासी

पाऊणपटीचा आकडा इथे चालणार नाही, कारण चंद्र डोक्यावर आल्यानंतर भरती किती वेळाने येते हे प्रत्येक बंदराचे निराळे असते. शिवाय इथले घड्याळ उन्हाळ्यात तासभर पुढे केलेले असते. तिथीचा उरलेला अर्थ मात्र तसाच लागू आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. उधाणाच्या दिवसांत सुकतीही, म्हणजे ओहोटीही, खोल जाते, खाडीचा तळ उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढते, पण कमी उतरते, म्हणून ओहोटीच्या ऐन वेळीसुद्धा पाय बऱ्यापैकी भिजतात. तेव्हा वडिलांना तिथी पाहू द्या, वेळ मात्र छापील तक्त्यातूनच घ्या.

शिडीचे कारण असे की माराहाउचा किनारा फार उथळ आहे आणि तिथे बोटी ट्रॅक्टरच्या गाड्यावर ठेवलेल्या असतात. प्रवासी गावातच, कोरड्या जमिनीवर, शिडीने बोटीत चढतात. मग ट्रॅक्टर ती बोट माणसांसकट रस्त्यावरून ओढत पुळणीवर नेतो आणि पाण्यात सोडतो. गुडघ्याचा त्रास असेल तर काइतेरितेरीहून सुटणारी मोठी बोट घ्यावी. ती पुळणीला नाक लावते आणि पुढून फळी टाकते. उद्यानात धक्का कुठेच नाही, म्हणून उतरताना पावले भिजतील अशी तयारी ठेवावी.

आणखी एक, ज्याचा उद्यानाशी थेट संबंध नाही, पण तुमची सहल ऑकलंडच्या विमानतळावरच अडू नये म्हणून लिहितो. वडिलांच्या चालण्याच्या बुटांना वाडीतली माती लागलेली असेल तर ते तिकडेच स्वच्छ धुवून, वाळवून आणावेत आणि येताना अर्जावर बूट तसेच खाद्यपदार्थ आठवणीने नोंदवावेत. न नोंदवलेल्या वस्तूसाठी जागेवर ४०० डॉलर दंड होतो. मध आणूच नये.

गुहागरकर, ऑकलंड

सहल होऊन आठवडा झाला. पुढे कोणी हा धागा शोधत आले तर उपयोग व्हावा म्हणून काय घडले ते लिहितो.

आम्ही काइतेरितेरीला राहिलो. पहिल्या दिवशी टिनलाइनपर्यंतची वाट आईने कुठेही न थांबता पूर्ण केली आणि परत येताना तिने माराहाउचा ट्रॅक्टर पाहिला. बोटीत नारिंगी जाकिटे घातलेली पंधरा-वीस माणसे बसली आहेत आणि ती बोट रस्त्यावरून मोटारींच्या मागे वळणाची खूण करत चालली आहे, हे पाहिल्यावर तिने गुडघ्याचा विषय मिटवला आणि तिसऱ्या दिवशी मला तिथूनच बोट घ्यायला लावली. शिडीला सात-आठ पायऱ्या होत्या. वर चढताना चालकाने हात दिला, खाली उतरताना मात्र ती उलटी वळून, एकेक पायरी घेत उतरली आणि त्याला बराच वेळ लागला. ज्यांचा गुडघा उतारावर दुखतो त्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या दिवशी ओहोटी दुपारी दोनला होती. वडील आणि मी बार्क बेहून निघालो आणि टोरेंट बेच्या खाडीवर सव्वादोनला पोहोचलो. तिथे दहा-बारा जण काठावर उभे राहून पुढच्यांच्या पावलांकडे पाहत होते. वडिलांनी बूट काढून गळ्यात अडकवले, दोन मिनिटे काहीच न बोलता पाण्याकडे पाहिले आणि खांबांच्या खुणांच्या थोडे डावीकडून, वाळूच्या लाटा जिथे उंच आणि कोरड्या होत्या तिथून, सरळ चालू लागले. आमचे घोटेसुद्धा भिजले नाहीत. मागून येणारे एक जर्मन जोडपे नकाशा बंद करून आमच्या मागे आले.

अँकरेजला आई आमची वाट पाहत बसली होती, तिथे वेका नावाच्या, कोंबडीएवढ्या तपकिरी पक्ष्याने तिच्या पिशवीतून चिवड्याची पुडी ओढून झुडपात नेली. ती पुडी झुडपात वाकून परत मिळवावी लागली, कारण प्लास्टिक तिथे टाकून येणे बरे नव्हे. पिशव्यांची चेन पूर्ण लावावी. मग तिघे मिळून तिथल्याच पिट हेड या भूशिराच्या फेरीवर निघालो, पण आई पहिल्या चढाशीच थांबली. ‘ते पुकातेआ’ नावाची चंद्रकोरीसारखी पुळण वडिलांनी आणि मी पाहिली. वडिलांनी वाळू तळहातावर घेऊन उन्हात धरली. अभ्रक दिसले. ते ‘आहे खरे’ एवढेच म्हणाले.

वेळेविषयी एक सूचना राहिली. तिसऱ्या दिवशी आम्ही परतलो ती वेळ नेमकी ओहोटीची निघाली, त्यामुळे ट्रॅक्टर आमची बोट घ्यायला ओल्या वाळूतून बराच लांब पाण्यापर्यंत आला होता आणि गावात पोहोचायला आम्हाला धरलेल्या वेळेपेक्षा वीसेक मिनिटे जास्त लागली. त्याच संध्याकाळचे नेल्सनचे विमान धरायचे असेल तर त्याच्या आधीची बोट घ्यावी.